मॉडेल मुलाचं, हाताखाली बाबा

प्रश्न एका बाबांनी पाठवला आहे. ते धानोरीत राहतात, नोकरी खराडीला. मुलगा दहा वर्षांचा, मुलगी सहा वर्षांची. लोहगावचा हवाई दलाचा तळ जवळ, त्यामुळे मुलाला सुखोई या लढाऊ विमानाचं वेड. दोघांनी मिळून काहीतरी करावं म्हणून त्यांनी १:४८ स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढं, सुखोईचं प्लास्टिक किट मागवलं. मुलगा दोन रविवार बसला, तिसऱ्या रविवारी उठला आणि मोबाइल घेऊन पडला. पैसे वाया जायला नकोत म्हणून बाबांनी रात्री जागून विमान पूर्ण केलं. विमान सुरेख झालं, शोकेसमध्ये लागलं, पण मुलगा त्याच्याकडे बघतही नाही. त्यांनी विचारलंय: नेमकं काय बिनसलं, आता सुरुवात कशापासून करायची, कटर आणि फेविक्विक मुलाच्या हातात द्यायचं का, आणि धाकटी मध्येमध्ये येते तिचं काय करायचं.

नमस्कार. मी व्यवसायाने मॉडेलमेकर आहे. गृहप्रकल्पांच्या सेल्स ऑफिसात काचेच्या पेटीत इमारती मांडलेल्या असतात ना, तसली मॉडेल्स आमच्या वर्कशॉपमध्ये होतात. शिवाय सुट्टीच्या दिवशी आईबाबा आणि मुलं अशा जोड्यांना एका टेबलावर बसवून मी मॉडेल करायला शिकवतो. तुम्ही लिहिलंय ते टेबलाच्या पलीकडून मी खूपदा पाहिलेलं आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या सुखोईचं बघू. ते विमान आता तुमचं आहे. मुलाला सरळ सांगा, "हे मी केलं. मला करताना मजा आली. तुझं आपण वेगळं करू, तू म्हणशील ते." त्याला बोलावून शेवटची दोन स्टिकरं लावायला लावू नका आणि पाहुण्यांना "आम्ही दोघांनी केलं" असं सांगू नका. कोणी किती केलं हे मुलाला पक्कं माहीत असतं. अर्धवट श्रेय दिलं की त्याला ते शाळेतल्या त्या प्रोजेक्टसारखं वाटतं, जे आईने रात्री बसून केलेलं असतं आणि ज्यावर नाव मात्र त्याचं असतं. तुमचा छंद तुमचा म्हणून उघड राहू द्या, त्यात काही वाईट नाही. बाबाला स्वतःला हाताने काही करायला आवडतं, हे मुलाने बघणं चांगलंच आहे.

किटची निवडही चुकली होती. खरं सुखोई-३० जवळजवळ २२ मीटर लांब आहे, म्हणजे १:४८ ला दीड फुटाचं मॉडेल. एवढ्या मोठ्या किटात तुकडे भरपूर, आणि कामाची सुरुवात कॉकपिटपासून होते: राखाडी रंगाची सीट, राखाडी पॅनल, नखाएवढी स्टिक. तासन् तास बसलं तरी टेबलावर विमान म्हणावं असं काही दिसत नाही. मोठ्या माणसाला शेवटचं चित्र डोळ्यांसमोर धरून महिनाभर काम करता येतं. दहा वर्षांच्या मुलाला उठायच्या वेळी काहीतरी उभं राहिलेलं दिसायला हवं, निदान पहिल्या दोनतीन वेळा तरी.

पण मला वाटतं खरं बिनसलं ते वेगळ्या ठिकाणी. त्या दोन रविवारी कोण काय करत होतं, ते आठवून बघा. बहुतेक घरांत असं होतं: सूचनांचा कागद बाबांपुढे, कटर बाबांच्या हातात, गोंद बाबांच्या हातात, आणि मुलाचं काम "तो ३२ नंबरचा तुकडा दे". मध्येच "थांब, मोडेल, मी करून देतो". मूल हाताखाली राबत असतं आणि मॉडेल बाबांचं होत असतं. हे उलटं करा. मॉडेल मुलाचं, आणि हाताखाली तुम्ही.

आमच्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक मॉडेलचा एक प्रमुख असतो. तो ठरवतो, बाकीचे कापतात, घासतात, सामान आणतात, ब्रश धुतात. हाताखालच्याने मत द्यावं, पण विचारल्यावर. मुलांबरोबर काम करणाऱ्या पालकांना मी हीच जागा देतो. सूचनांचा कागद मुलाच्या पुढ्यात ठेवा. कुठला तुकडा आधी, रंग जोडण्याआधी की नंतर, आज कुठपर्यंत, हे सगळं तो सांगेल. तुम्ही विचारायचं, "आता मी काय करू?" हे बोलायला पहिल्यांदा जड जातं, विशेषतः ऑफिसात चार माणसं हाताखाली असलेल्यांना. आणि हो, तो चुकीचं सांगेल. पंख लावताना डावा-उजवा बदलेल. प्लास्टिक सिमेंट, म्हणजे प्लास्टिक विरघळवून जोडणारा गोंद, लावण्याआधी तुकडे कोरडे जोडून बघायची सवय असेल तर ते त्याचं त्यालाच कळेल. तुम्ही फक्त "आधी सुकं लावून बघू का?" एवढं म्हणा.

आपल्याकडे ही पद्धत पूर्वीपासून आहे, आणि ती दिवाळीच्या किल्ल्यात आहे. वाड्याच्या अंगणात किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात किल्ला मुलंच करत. मोठ्यांनी पोतंभर लाल माती आणून द्यायची, विटा उचलून द्यायच्या, गोणपाट भिजवून द्यायचं, कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून मावळे आणायला पैसे द्यायचे आणि बाजूला व्हायचं. महाराज कुठे बसणार, तळं कुठे, अळीव कुठल्या उतारावर पेरायचं, हे मुलांच्या बैठकीत ठरे. हल्ली किल्ल्यांच्या स्पर्धांमध्ये बाबा लोक थर्मोकोल कापताना आणि मुलं कडेला उभी राहून वेफर्स खाताना दिसतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. बक्षीस मिळतं, फोटो निघतो, पण त्या मुलाला पुढच्या वर्षी किल्ला करावासा वाटेलच असं नाही.

म्हणून तुम्हाला माझा सल्ला: विमान थोडं बाजूला ठेवा आणि किल्ल्याने सुरुवात करा. त्यासाठी दिवाळीची वाट बघायची गरज नाही.

किल्ल्यातून स्केल कसं शिकवायचं ते जरा नीट सांगतो, कारण स्केल कळलं की मुलाला मॉडेलवर हुकूमत आल्यासारखं वाटतं. मातीचा एक मावळा घ्या, साधारण ५ सेंटिमीटरचा. मुलाला विचारा, खरा मावळा किती उंच असेल? तो म्हणेल १६५ सेंटिमीटर. १६५ भागिले ५ म्हणजे ३३. म्हणजे हा मावळा १:३३ स्केलचा. आता सिंहगड घ्या. आजूबाजूच्या सपाटीपासून गड साधारण ७५० मीटर उठलेला आहे. ७५० भागिले ३३ म्हणजे जवळजवळ २३ मीटर. या मावळ्याच्या मापाने सिंहगड करायचा तर तुमच्या शेजारच्या सात मजली इमारतीएवढा करावा लागेल. हा हिशोब मुलाने स्वतः केला की त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. आजवर त्याने केलेल्या प्रत्येक किल्ल्यात मावळा बुरुजापेक्षा उंच का दिसत होता, ते त्याला तिथल्या तिथे कळतं.

मग निवड करायची, आणि ती त्याने करायची. मावळे हवे असतील तर अख्खा गड विसरायचा आणि १:३३ ला फक्त एक दरवाजा, दोन बुरूज आणि थोडी तटबंदी करायची. अख्खा गड हवा असेल तर १:४००० ला जायचं, तिथे माणूस अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान होतो, म्हणजे मावळ्यांना सुट्टी.

त्याने दरवाजा निवडला तर एक दिवस सिंहगडावर जा. पुणे दरवाजापाशी मुलाला चौकटीला अगदी लागून उभं करा आणि लांबून, समोरून फोटो काढा. जवळून काढला तर वरचा भाग आखडतो आणि मापं चुकतात. घरी येऊन प्रिंट काढा. समजा मुलाची उंची १३० सेंटिमीटर आहे आणि प्रिंटवर तो २६ मिलिमीटर भरला. १३०० भागिले २६ म्हणजे ५०. म्हणजे तो फोटो १:५० स्केलचं चित्र झाला. आता त्यात पट्टी लावून जे मोजाल त्याला ५० ने गुणायचं. चौकटीची उंची ७ सेंटिमीटर भरली तर खरी उंची साडेतीन मीटर, आणि १:३३ च्या मॉडेलमध्ये ती साधारण साडेदहा सेंटिमीटर करायची. दगडाचे थर, कमानीची रुंदी, पायऱ्या, सगळं याच एका फोटोतून निघतं. गडावर टेप घेऊन भिंतीवर चढायची गरज नाही, आणि तसं करूही नये. यात मापाची पट्टी तो स्वतः असतो. "माझ्या उंचीवरून दरवाजा मोजला" हे मुलं शाळेत चारजणांना सांगतात.

अख्खा गड निवडला तर सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा शोधा. त्यावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, २० मीटर उंचीच्या फरकाने असतात. १:४००० ला २० मीटर म्हणजे बरोबर ५ मिलिमीटर, आणि ५ मिलिमीटर जाडीचा सनबोर्ड (फोमचा हलका, ताठ बोर्ड) कुठेही मिळतो. म्हणजे एक रेषा, एक थर. नकाशा साडेबारा पट मोठा करून घ्यायचा, एकेक रेषा सनबोर्डवर उतरवायची, कापायची, एकावर एक चिकटवायची. पायथ्यापासून सगळं केलं तर ३५-४० थर होतात. पहिल्या वेळी वरचे १५ पुरे, तेवढ्यात ३०० मीटरचा डोंगर मिळतो. रेषा जिथे एकमेकींना चिकटून जातात तिथले थर एकावर एक सरळ उभे राहतात आणि मुलाच्या हाताला तो कडा लागतो. तानाजी कडा नकाशावर बोट ठेवून दाखवलात तर त्याला फार काही कळणार नाही. स्वतः कापलेले थर त्या जागी भिंतीसारखे उभे राहिले की तो आपणहून विचारतो, "इथून चढले?" त्यानंतर त्याला इतिहास सांगा, तो ऐकेल.

थर चिकटले की पायऱ्या-पायऱ्या दिसतात. त्यावर वर्तमानपत्राचे कपटे फेविकॉल-पाण्यात बुडवून लावले की उतार येतो. एक थर लावून रात्रभर सुकू द्यायचा. पावसाळ्यात दोन दिवसही लागतात, घाई केली की आतून बुरशी धरते. वरून मातीचा रंग, आणि त्यावर वापरलेली चहापावडर. चहा गाळल्यावरची पावडर धुऊन उन्हात खडखडीत वाळवली आणि फेविकॉलवर भुरभुरली की पावसाळा संपल्यावरची सह्याद्रीची माती हुबेहूब येते. विकतच्या पावडरी मी कामात वापरतो, पण मुलांच्या मॉडेलला चहाच सांगतो, कारण त्यासाठी आजीकडे जाऊन मागणी करावी लागते आणि आजी कामात ओढली जाते.

आता धाकटीबद्दल. सहा वर्षांचं मूल मध्ये येतं कारण त्याला जमीन हवी असते. तिला तिची जमीन द्या, म्हणजे शब्दशः द्या. बोर्डवर पेन्सिलीने रेघ मारा: इथून तिथपर्यंत जंगल तिचं. झाडं ती करेल. भांडी घासायच्या हिरव्या स्पंजचे तुकडे, काथ्या, वाळक्या काटक्या, फेविकॉल. दादा तिच्या भागात बोट घालणार नाही आणि ती बुरुजाला हात लावणार नाही. तिची झाडं स्केलमध्ये नसतील. १:४००० च्या डोंगरावर दोन सेंटिमीटरचं झाड म्हणजे ८० मीटरचं झालं. ते दादाच्या लक्षात येईल आणि तो कुरकुर करेल. तेव्हा निर्णय तुम्ही द्यायचा, आणि तो धाकटीच्या बाजूने. स्केल समजायचं तिचं वय अजून यायचंय.

कटरचं विचारलंत. दहाव्या वर्षी कटर हातात द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे, पण तुम्ही शेजारी असताना आणि ओळीने शिकवून. पहिले काही दिवस फक्त कार्डशीट, सनबोर्ड नंतर. खाली कटिंग मॅट, पट्टी स्टीलची. प्लास्टिकच्या पट्टीवर ब्लेड चढतं. एका दमात आरपार कापायचं नाही, त्याच रेषेवर हलक्या हाताने तीन-चारदा ब्लेड फिरवायचं. पट्टी धरलेली बोटं ब्लेडच्या वाटेत कधीच नकोत, बाजूला किंवा मागे. मुलांना मी उभं राहून कापायला लावतो, बसून कापताना कोपर अडतं आणि जोर भलतीकडे जातो. बोथट ब्लेड जास्त धोक्याचं, कारण त्याला जोर लावावा लागतो आणि ते घसरतं. तेव्हा ब्लेडचं टोक वेळेवर तोडा आणि तोडलेले तुकडे झाकणाच्या डबीत टाका, कचऱ्याच्या पिशवीत नको, कचरा वेचणाऱ्यांचे हात कापतात. वाकडीतिकडी समोच्च रेषा असलेला जाड सनबोर्ड मात्र पहिल्या वेळी तुम्ही कापा. रेषा त्याची, कापणं तुमचं. धाकटीला कात्री, तीही गोल टोकाची.

फेविक्विक तुमच्याकडेच ठेवा. ते हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, त्यामुळे आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये क्षणात धरतं. बोटं चिकटली तर ओढाताण करू नका, कोमट साबणाच्या पाण्यात धरून हळूहळू सोडवा. मुलांच्या कामाला पांढरा फेविकॉल पुरतो, आणि तो सावकाश सुकतो हा त्याचा गुण आहे. तुकडा वाकडा लागला तर सरळ करायला वेळ मिळतो. थर्मोकोलवर स्प्रे पेंट किंवा थिनरवाला कुठलाही गोंद लावू नका, थर्मोकोल विरघळून खड्डे पडतात. घरात मुलांबरोबर काम असेल तर पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग, बाकी काही नको. थिनर आणि लॅकरचे वास बंद फ्लॅटमध्ये मुलांच्या छातीला त्रास देतात.

किल्ला झाला आणि त्याला अजून विमान हवंच असेल, तेव्हा विमानाकडे या. स्केल १:७२, तुकडे कमी. एअरफिक्स या किट कंपनीचं नॅट हे छोटं जेट चांगलं पहिलं विमान आहे, स्टार्टर सेट मिळाला तर रंग, ब्रश आणि गोंद सोबत येतात. पूर्ण झाल्यावर जेमतेम १३ सेंटिमीटर, म्हणजे दोन-तीन बैठकांत उभं राहतं. नॅट सुचवण्याचं आणखी एक कारण आहे. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर हल्ला झाला तेव्हा फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों नॅट घेऊनच उडाले होते. हवाई दलाला मिळालेलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. मात्र किटमधलं नॅट दोन आसनी आहे, रेड ॲरोज या ब्रिटिश हवाई दलाच्या कसरतपथकाचं लाल रंगाचं प्रशिक्षण विमान. सेखोंचं एक आसनी होतं. मुलाच्या हे लक्षात आलं आणि त्याने "मग हे खोटं आहे का?" असं विचारलं, तर त्याला दोन्हींचे फोटो शोधायला लावा. काय राखायचं आणि काय बदलायचं, हे त्याला ठरवू द्या. कोणी लाल रंगातच ठेवतं, कोणी तिरंगी गोल स्वतः रंगवून हवाई दलाचं प्रशिक्षण विमान म्हणतं. दोन्ही चालेल.

विमानात एक जागा अशी येते जिथे तुमचा हात खरंच लागतो, आणि ती म्हणजे काच. कॉकपिटची पारदर्शक झाकणी फेविक्विकने लावली तर त्याच्या वाफेने आतून पांढुरकी होते आणि सहजी साफ होत नाही. प्लास्टिक सिमेंटचा थेंब पडला तर काच विरघळते. इथे साधा फेविकॉल, टाचणीच्या टोकावर घेऊन कडेकडेने. सुकल्यावर तो पारदर्शक होतो. तुम्ही चिमट्याने झाकणी धरा, फेविकॉल त्याला लावू द्या. झाकणी धरून दहा मिनिटं हलायचं नाही, हे हाताखालच्या माणसाचं काम आहे.

या दहा मिनिटांत काय होतं ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नामागे खरं तर तेच आहे. आमच्या टेबलावर एक आई आणि मुलगा बुरुजाचे दगड घासत बसले होते. पॉलिश पेपरचा एकसुरी आवाज, दोघांच्या नजरा खाली. मुलगा मान वर न करता म्हणाला की शाळेच्या व्हॅनमध्ये मोठी मुलं त्याला मागच्या सीटवर दाबून बसवतात. आईचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. ती एवढंच म्हणाली, "मग?" आणि तो सांगत गेला. तिने काम टाकून त्याच्याकडे वळून "कोण मुलं? नाव सांग" असं म्हटलं असतं, तर तो तिथेच गप्प झाला असता. नजर कामावर असली की मुलांना बोलणं सोपं जातं. तुम्हाला फक्त हात चालू ठेवायचाय. जे ऐकाल त्याचा पाठपुरावा दुसऱ्या दिवशी करा, त्या टेबलावर करू नका. आणि बोलणं काढायला म्हणून मॉडेल करायला बसू नका, मुलांना ते लगेच कळतं. कित्येक बैठकांत काहीही बोललं जात नाही, ते ठीक आहे.

बैठक छोटी ठेवा. पाऊण तास पुरे. त्याला अजून बसायचं असेल तेव्हाच थांबलेलं बरं. त्यासाठी एक गोष्ट जरूर करा: दोन फूट बाय दोन फुटांचा प्लायचा बोर्ड घ्या, कडेला पट्ट्या मारा, आणि सगळं काम त्याच्यावरच करा. उठताना बोर्ड जसाच्या तसा पलंगाखाली सरकवायचा. फ्लॅटमध्ये डायनिंग टेबल मोकळं करावं लागतं म्हणून अर्ध्या घरांत मॉडेल अर्धवट राहतं, मुलाचा रस गेला म्हणून नाही.

आणि खरंच रस गेला तर? जाऊ द्या. बोर्ड पलंगाखाली राहू दे. आठवण करू नका, किंमत ऐकवू नका, आणि तो झोपल्यावर तुम्ही एक बुरूजही लावू नका. या शेवटच्या गोष्टीवर मी हटून बसतो. मुलं महिन्या-दोन महिन्यांनी परत येतात, बोर्ड ओढून काढतात, आणि आपण सोडलं होतं तिथेच सगळं आहे का ते आधी बघतात. तसं असेल तर बसतात. कोणी पुढे काम केलेलं दिसलं तर परत ढकलून देतात. वाकडा पंख, गोंदाचा डाग, उलटा लागलेला दरवाजा, हेही तसंच राहू द्या. फॅमिली ग्रुपवर फोटो टाकायचा तर त्याला विचारून, त्याने सांगितलेल्या कोनातून.

अधूनमधून बाहेर पडा. घोरपडीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात मिग-२३ उभं आहे, तिथे पत्र्याचे सांधे, रिव्हेट आणि उडालेला रंग जवळून बघता येतो. कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. १९९८ पासून ते लोकांसाठी उघडं आहे, आणि एका माणसाने आयुष्यभर जपलेला छंद कुठवर जातो हे मुलांना दाखवायला पुण्यात त्याच्यासारखी दुसरी जागा नाही. तिथून आल्यावर मुलाला रेल्वे करावीशी वाटेल. तेव्हा एक गंमत सांगा: १:८७ च्या मॉडेलमध्ये दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, साडेसोळा मिलिमीटर असतं, ते परदेशी गेजचं माप आहे. आपले ब्रॉडगेज रूळ १६७६ मिलिमीटर, म्हणजे १:८७ ला सव्वाएकोणीस. डेक्कन क्वीनचं मॉडेल बाजारातल्या रुळांवर चालवलं तर डबे योग्य मापाचे आणि रूळ अरुंद, असं होतं. त्यावर उपाय काय, हा प्रश्न त्याच्यावर सोपवा. चांगले दोन रविवार जातात.

तो तेरा-चौदाचा होईल तेव्हा हाताखाली कोणी असलेलं त्याला नको वाटेल. तेव्हा दोघांची दोन मॉडेल्स, एकाच टेबलावर, एक दिवा, एकच गोंदाची बाटली. आत्तापासून त्याची काळजी नको.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. पहिल्या किल्ल्याला किटच्या मानाने अगदी थोडे पैसे लागतात. यादी मुलालाच लिहायला सांगा: ५ मिलिमीटरचा सनबोर्ड, कार्डशीट, फेविकॉल, ॲक्रिलिक रंगांचे पाच-सहा मूळ रंग, एक रुंद आणि एक बारीक ब्रश, कटर आणि जादा ब्लेड, स्टीलची पट्टी, कटिंग मॅट. अप्पा बळवंत चौकात आर्किटेक्चरची मुलं जिथून सामान घेतात त्या दुकानांत हे सगळं मिळतं. पॉलिश पेपर १८०, ४०० आणि ८०० नंबरचा, तो बोहरी आळीतून घ्या, तिथे सुटे ताव मिळतात. दुकानात काउंटरवर मुलाला पुढे करा आणि मागणी त्यालाच करू द्या. पिशवी तुम्ही धरा.